धुळाप्पाचं कोकरू

धुळाप्पाबद्दल लोक दोन तऱ्हेनं बोलतात आणि मला दोन्ही सहन होत नाहीत. काहीजण म्हणतात, येडा होता. हल्ली निघालेले दुसरे म्हणतात, केवढा कलावंत, आपल्या मातीत त्याची कदर झाली नाही. पहिल्यांनी त्याला धड पाहिलं नाही आणि दुसऱ्यांनी तर पाहिलंच नाही. मी भालकीच्या शाळेत त्याच्याशेजारी एकाच तरटावर बसलो, त्याच्या पाटीवरचं पुसून स्वतःचं लिहिलं, आणि पुढं कापडाचं दुकान सांभाळता सांभाळता त्याचं सगळं बघत आलो. म्हणून ही गोष्ट मी सांगणार.

शेवटची वर्षं तो चिटगुप्प्याच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि जो तो उर्दू पाट्या बदलायला धावला, तेव्हा धुळाप्पाला मान वर करायला फुरसत नव्हती. पण ते पोटापुरतं. त्याला जन्मात एकच गोष्ट हवी होती. आपण काढलेलं मेंढरू पडद्यावर चालावं आणि ते आपल्या माणसांनी बघावं. आपली माणसं म्हणजे धनगरांचा तळ, बाप पिराप्पा, आणि बायको अनसाबाई. ती गोष्ट त्याला मिळाली. कशी मिळाली ते ऐका.

आमच्या लहानपणी संस्थानात शाळा म्हणजे उर्दू. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि पाटीवर अलिफ, बे. धनगरांच्या तळावरून शाळेत आलेला धुळाप्पा हा पहिलाच, आणि तोही पिराप्पानं हौसेनं पाठवला नव्हता. मेंढरांमागं हा पोरगा उपयोगाचा नव्हता. कळप सोडून एकाच मेंढराकडं बघत उभा राहायचा. शाळेतही तेच. पाटीभर एकच मेंढरू, ओळीनं, उजव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत. मौलवीसाहेब डोक्याला हात लावायचे. “एकीच बकरी कू कित्ते बार उतारता रे तू?”

मीही विचारलं होतं. “कामून एकच मेंढरू पुन्हापुन्हा काढायलास?”

“एक मेंढरू न्हाई रे. एक उडी हाय.”

मग मी नीट पाहिलं. पहिल्या चित्रात मेंढरानं पाय गोळा केले होते, पुढच्यात छाती उचलली होती, त्याच्या पुढच्यात ते हवेत होतं. मला गंमत वाटली आणि मी ती विसरलो. विसरण्यासारखंच होतं. त्याला मात्र दुसरं काही सुचतच नसे, आणि हे आपल्यालाच का होतं हे त्याला कुणी सांगू शकत नव्हतं. चांगली चित्रं काढणारे होते. देवळाच्या भिंती रंगवणारा होता, मोहरमचे पंजे सजवणारा होता. पण एका हालचालीच्या मागं लागलेला माणूस बिदर ते गुलबर्गा शोधून सापडला नसता. हे एकटेपण कसं असतं ते मला ठाऊक नाही. मी आपला चारचौघांसारखा माणूस, मला चारचौघं कुठंही भेटतात.

मिसरूड फुटल्यावर तो मडिवाळप्पांच्या तंबूत लागला. हे चिटगुप्प्याचे, जत्रा-बाजारांतून सिनेमाचा तंबू फिरवायचे. हातानं फिरवायचं मशीन, मुका सिनेमा, आणि पडद्याशेजारी उभा राहून मराठी, कन्नड आणि दखनी अशा तिन्ही भाषांत गोष्ट सांगणारा एक गडी. धुळाप्पाचं काम बाहेरचं. तंबूच्या दर्शनी बाजूला लांबलचक कापड ताणायचं आणि त्यावर आतल्या गोष्टीचे प्रसंग ओळीनं रंगवायचे. तो उजवीकडून सुरुवात करी. तिकिटाची खिडकी डाव्या टोकाला होती. लोक गोष्ट बघत बघत बरोबर खिडकीपाशी येऊन पोचत आणि पुढचं आत आहे म्हटल्यावर कनवटीला हात घालत. मडिवाळप्पा खूश होते. आतला सिनेमा पडेल असला तरी बाहेरचा चालायचा.

दिवाळीनंतर तळ मेंढरं घेऊन मांजरा नदीपलीकडं उतरायचा, तो पावसाच्या तोंडाला परत. अनसाबाई तळाबरोबर, हा तंबूबरोबर. लग्न झालेली माणसं, पण सगळं मिळून वर्षातले तीन-चार महिने एकत्र. तळावर गेला की तो तंबूवाला आणि तंबूत तो धनगर. दोन्हीकडं त्याला जेवायला वाढत, आणि दोन्हीकडं त्याच्याशी बोलायला कुणाजवळ काही नसे.

एकदा हैदराबादहून आलेल्या पेटीत चुकून एक लहानसं परदेशी रीळ निघालं. त्यात माणूस नव्हता. नुसतं काढलेलं मांजर होतं आणि ते चालत होतं, घसरत होतं, शेपटीवर पडत होतं. लोक पोट धरून हसले. धुळाप्पा हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो भर उन्हात माझ्या दुकानात आला. गिऱ्हाईक होतं, तरी माझा दंड धरून मला बाहेर ओढलं.

“अंकुशा, माज्यासारखी माणसं हायत रे. कुठंतरी हायत.”

त्याचे डोळे भरले होते. मी त्याला पाणी दिलं. तंबूवाल्याला मांजर बघून रडू येतं ही हकिगत गिऱ्हाइकानं गावभर केली.

पुण्यात एक लहान फिल्म कंपनी असं हलत्या चित्रांचं रीळ करायचं म्हणते, ही बातमी मडिवाळप्पांनीच आणली. गोष्ट कोणत्या प्रसंगातून कशी पुढं जाईल हे आधी ओळीनं काढून देणारा माणूस त्यांना हवा होता. आपण जन्मभर करतो त्या कामाला पगार असतो, हे ऐकून धुळाप्पानं त्याच महिन्यात तंबूतून रजा घेतली आणि तो तळावर जाऊन राहिला.

त्यानं कोकराची गोष्ट धरली. मांजरेच्या पुरात एका खडकावर अडकलेलं कोकरू. पाणी उतरतं, ते काठाला लागतं, रान तुडवत, काटे चुकवत, कोल्ह्याला हुलकावणी देत आपल्या आईपाशी येतं. ते कसं चालेल, कसं दबकेल हे बघायला त्यानं अनसाबाईला कामाला लावलं. तिनं ओढ्यापलीकडं कोकरू नेऊन सोडायचं, यानं अलीकडं बसून बघायचं, आणि मग पुन्हा. सगळा तळ हसायचा. पिराप्पा ओरडायचा, “त्येची तंगडी मोडली तर तुजी मोडीन!” अनसाबाई मात्र कंटाळली नाही. सांजच्याला ती चित्रांपुढं उकिडवी बसायची आणि बोट ठेवायची. “हितं दमलंय त्ये. दमल्यावर मान खाली घालंल की.” ती सांगेल ते तो बदलायचा. तेवढे दोन महिने मी त्याला सुखी पाहिलं, हे सांगायला हवं.

सिनेमाच्या जुन्या जाहिरातींची कोरी बाजू वापरून, कागदाला कागद चिकटवून त्यानं एक लांब गुंडाळी केली. मला पुण्यात लुगड्यांची खरेदी होतीच. गुलबर्ग्याला जाऊन आम्ही दोघांनी गाडी पकडली. वाटभर गुंडाळी त्याच्या मांडीवर होती.

कंपनीचे श्रीपतराव म्हणजे शांत, चष्मा लावलेले गृहस्थ. त्यांनी गुंडाळी भिंतीवर टाचून घेतली आणि आम्हाला व्हरांड्यात बसायला सांगितलं. बऱ्याच वेळानं आत बोलावलं. श्रीपतराव भिंतीच्या उजव्या टोकाशी उभे होते आणि चष्मा पुसत होते.

“काय शेवट केलाय हो तुम्ही!” ते म्हणाले. “आईपासून निघालेलं कोकरू. लांब लांब जातंय, आणि प्रत्येक चित्रात तोंड मात्र आईकडं. शेवटी त्या पाण्यात एकटं. मी इतक्या गोष्टी वाचल्या, असं कुणी दाखवलं नव्हतं.”

मी धुळाप्पाकडं पाहिलं, त्यानं माझ्याकडं. आम्हा दोघांना एकदमच उमगलं. आम्ही उजवीकडून डावीकडं वाचायला शिकलेलो. गोष्ट उजवीकडून सुरू होते यात सांगण्यासारखं काही आहे हे आमच्या मनातच आलं नव्हतं. पुण्यातला माणूस डावीकडून बघणार. आणि कोकरू डावीकडं तोंड करून घरी येत होतं, म्हणून उलट बघणाऱ्याला ते मागं वळून बघत दूर चाललेलं दिसत होतं.

माझ्या मनात आलं, हा आता गप्प राहील तर बरं. पण तो धुळाप्पा होता.

“साहेब, तुमी शेवटाकडून बघायलाव. त्ये जायलंय न्हाई. यायलंय.”

श्रीपतराव भले माणूस. रागावले नाहीत. उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत पुन्हा सावकाश चालत गेले. आईपाशी पोचले, थांबले, आणि त्यांचा चेहरा निवला.

“छान आहे,” ते म्हणाले. “पण हरवलं आणि सापडलं, हे सगळेच करतात. मला ती दुसरी गोष्ट हवी. मान तेवढी वळलेली ठेवा आणि पाय पुढं जाऊ द्या. मालक तुमची चित्रं बघून हो म्हणतील ते त्या गोष्टीसाठी. तुम्ही करणार असाल तर जागा तुमची. उद्या सांगा.”

त्या दिवशी तो मुठेच्या काठी बसून राहिला. मी लुगडी घेऊन परत आलो तरी तिथंच. बोलला फक्त एवढंच, “अनसाला काय सांगू?” सकाळी त्यानं श्रीपतरावांना होकार दिला. ज्यांना चूक वाटते त्यांनी खुशाल चूक म्हणावं. वीस वर्षं येडा म्हणवून घेतल्यावर पहिल्यांदा कुणी खुर्ची पुढं केली, तर ती पायानं ढकलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि त्याचा हिशेब साधा होता. कोणतंही का असेना, आपलं कोकरू पडद्यावर चालेल.

पुण्यातली वर्षं त्यानं कशी काढली ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. खरेदीला गेलो की भेटायचो. पेठेतल्या एका जिन्याखालच्या खोलीत राहायचा. कंपनीतले लोक वाईट नव्हते, पण त्यानं ‘करायलाव का’ म्हटलं की हसायचे. म्हणून त्यानं बोलणंच कमी केलं. भिंतीवर गोष्टीची चित्रं लावायची, श्रीपतरावांनी फिरवाफिरव सांगितली की फिरवायची, आणि त्यावरून खालच्या खोलीत चार पोरं हजारो चित्रं गिरवायची. डावीकडून उजवीकडं काढायची सवय त्यानं हाताला लावली. एकदा मला म्हणाला, “हात वळला रे. मन आजून तिकडूनच सुरू व्हतंय.” जेवलास का म्हणून विचारलं तर म्हणाला, एकट्यासाठी भाकरी थापायचा कंटाळा येतो, शेंगदाणे खाल्लेत. माझ्यापाशी तळाची काही बातमी आहे का, एवढं मात्र दर वेळी विचारायचा.

ज्या माणसांचा शोध लागला म्हणून तो माझ्या दुकानासमोर रडला होता, ती माणसं त्याला भेटली होती. त्याच्याच शेजारी बसून तेच काम करत होती. तरी तो एकटाच. याचं मला फार वाईट वाटायचं, आणि त्याला सांगता येत नव्हतं.

रीळ पुरं झालं. आवाज भरायला कंपनीकडं पैसा उरला नव्हता, म्हणून ते मुकंच राहिलं. पुण्यात मोठ्या सिनेमाच्या आधी आठवडाभर दाखवलं, वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. त्यानंतर कंपनीनं हलत्या चित्रांचा नाद सोडला. श्रीपतरावांनी निरोप देताना एक प्रत धुळाप्पाच्या हातात ठेवली. ती घेऊन तो आला तो थेट मैलारच्या जत्रेत. खंडोबाची जत्रा, मडिवाळप्पांचा तंबू आणि देवाला आलेला सगळा तळ. याहून चांगला मुहूर्त त्याला तरी कुठला मिळणार होता?

दिवेलागणीचा पहिला खेळ. मडिवाळप्पांनी धनगरांना तिकीट लावलं नाही. पुढं जमिनीवर पिराप्पा, त्याच्याभोवती तळावरची माणसं, बायका एका बाजूला, त्यांत अनसाबाई. मागं बाकांवर आम्ही शेतकरी-व्यापारी. मशीन फिरवायला धुळाप्पा स्वतः उभा राहिला. मी त्याच्या बाजूला होतो. 

पडद्यावर मेंढी आली आणि तिच्या पोटाखालून कोकरू बाहेर आलं. तळ एकदम हसला. अगदी खरं होतं ते. ढुशी मारण्याची तऱ्हा, शेपटीचा झटका. कुणीतरी म्हणालं, “ही तर आपली बांडी मेंढी!” पिराप्पानं मान मागं वळवून मशीनकडं, लेकाकडं पाहिलं. त्या नजरेसाठी धुळाप्पा जन्मभर थांबला होता, हे मी शपथेवर सांगेन.

मग कोकरू निघालं. रानात शिरलं, काट्यात शिरलं. मान मागं, पाय पुढं. हसणं थांबलं. पाणी आलं, खडक आला, आणि कोकरू त्यावर उभं राहून मागं बघत राहिलं. चित्र तिथं बराच वेळ थांबतं. पुण्यात म्हणे लोक त्या जागी रुमाल काढायचे.

आमच्याकडच्या धनगरांची एक रीत आहे. संध्याकाळी कोकरू कमी भरलं, तर तळावर चूल पेटत नाही. बाहेर उभं राहून सगळ्यांनी हाका मारायच्या. ते सापडलं तर, किंवा मेलेलं दिसलं तर, मगच भाकरी. हरवलेलं कोकरू हरवलं म्हणून सोडून द्यायचं, हे त्यांच्यात नाही.

पिराप्पा उठला. म्हातारा पडद्याकडं तोंड करून उभा राहिला आणि जीभ टाळूला लावून त्यानं ती हाक दिली. लगेच शेजारच्यानं दिली. मग सगळा तळ उभा राहिला, बाया, माणसं, पोरं. सगळे एकाच सुरात त्या कोकराला बोलवायला लागले. बाकांवरची माणसं हसायला लागली. मडिवाळप्पा तंबू मोडतोय की काय म्हणून धावत आले. आणि अनसाबाई गर्दीतून वाट काढत मशीनपाशी आली.

“आवं, त्ये यायलं हुतं न्हवं?” ती म्हणाली. “म्या सवता सोडलं हुतं ओढ्यापल्याड. यायलं हुतं त्ये. कामून न्हाई आणलाव?”

 पडद्यावर कोकरू तसंच उभं होतं, हाका वाढत होत्या. एकाएकी धुळाप्पानं हँडल उलटं फिरवायला सुरुवात केली.

मला आधी काही कळलंच नाही. मग पडद्यावर कोकरू खडकावरून निघालेलं दिसलं. पाणी मागं सरलं. काटे आले, रान आलं, लांबवर मेंढी दिसायला लागली. आमच्या बाकांवरून आरोळी उठली, “आलं, आलं!” लोक टाळ्या वाजवायला लागले. धुळाप्पा घामानं निथळत होता. तोंडानं पुटपुटत होता, “ये, ये, ये.”

पुढच्या धनगरांच्या हाका मात्र एकेक करून बंद पडल्या. मेंढरांचा पाय ओळखणारी माणसं ती. कोकरू घराकडं येत होतं, पण शेपटीकडून. मान आईकडं आणि पाय उलटे पडत होते. उलट्या पायांनी काय येतं, हे तिथं कुणाला सांगायला नको होतं. बायांनी लेकरांच्या डोळ्यांवर पदर ओढले. कोकरू मागं मागं सरकत मेंढीच्या पोटाखाली गेलं आणि पडदा पांढरा झाला.

“चला,” पिराप्पा म्हणाला. आवाजात राग नव्हता. “गेलंय त्ये. मेलेलं हाय.”

तळ उठून बाहेर गेला.  अनसाबाई तेवढी धुळाप्पापाशी थांबली, त्याच्या हातातून हँडल सोडवलं, आणि तीही गेली.

आम्ही दोघं तळावर पोचलो तेव्हा चुली पेटल्या होत्या. पिराप्पा जेवून हात धूत होता. अनसाबाईनं ताटलीत भाकरी आणि वर ठेचा ठेवून नवऱ्यापुढं सरकवली. “खावा आता,” म्हणाली. “संपलं त्ये.” धुळाप्पानं ताटली बाजूला केली, मेंढरांभोवती लावलेल्या वाघुरीच्या जाळीबाहेर जाऊन तो रानाकडं तोंड करून उभा राहिला, आणि एकटाच हाका मारत राहिला.